सहाव्या माळेचं दार

सकाळपासून मी चार वेळा चहा टाकलाय आणि चारही वेळा तो अर्धा पिऊन मोरीत ओतलाय. खाली बसावं तर पंखा गरम वारा अंगावर फेकतो, गच्चीवर जावं तर पाय भाजतात. पाऊस गेला म्हणावं तर संध्याकाळी गगनबावड्याच्या बाजूला ढग काळे होतात, गडगडतात आणि एक थेंब न टाकता निघून जातात. पहाटे मात्र पांघरूण ओढून घ्यावं लागतं. चैत्र-वैशाखातला उन्हाळा सांगूनसवरून येतो. आपण माठ भरतो, वाळवणं घालतो, त्याच्या तयारीत असतो. हा अश्विनातला दुसरा उन्हाळा आगंतुक. थंडीची चाहूल लागली तरी उठायचं नाव घेत नाही आणि याला जा तरी कसं म्हणायचं, काही दिवसांनी तो जाणारच आहे. या दिवसांत माझं कशातच लक्ष लागत नाही, हे नेहमीचंच आहे. यंदा जरा जास्त झालंय.

आज सहावी माळ. काल ललितापंचमी झाली, टेंबलाईच्या टेकडीवर देवीपुढं कोहाळा फुटला, आमच्या फुलेवाडीतनं निम्मी गल्ली तिकडे जाऊन उन्हात भाजून आली. देवघरात घट बसलेत. धान चांगलं चार बोटं वर आलंय. समई तेवतेय, तिच्यात दर दोन तासांनी तेल घालायचं काम माझ्याकडे. रविवार असल्यामुळे मला शाळा नाही. माझा नवरा विजय मात्र शिरोलीला कामावर गेलाय, दिवाळीआधी त्यांच्याकडे रविवारही सुट्टीचा धरत नाहीत. आणि संध्याकाळी साडेपाचला बंगळूरच्या गाडीनं आमची एकुलती एक लेक तेजू येतेय. दोन दिवसांसाठी. नंतर ती जर्मनीला जाणार आहे, तीन वर्षांसाठी.

श्रावणात तिनं हे फोनवर सांगितलं, तेव्हापासून मी तिच्याशी नीट बोललेले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाला निदान शेवट असतो. मी फोन रोज घेते, "जेवलीस का" विचारते, "पाऊस हाय का तिकडं" विचारते आणि ठेवते. जर्मनीचा ज सुद्धा काढत नाही. ती काढायला लागली की मला कुकरची शिट्टी ऐकू येते. परवा तिनं सरळच विचारलं, "आई, स्टँडवर येतीस न्हवं मला न्यायला?"

मी म्हणाले, "घट बसलेत गं. घराला कुलूप लावता येत न्हाई. बाबा कामावर. मी हाय की घरात, ये तू रिक्षानं."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हे शब्द माझे नव्हेत. ‘मी हाय की घरात.’ हे आण्णांचं वाक्य आहे, आणि मी ते त्यांच्याच कारणासाठी वापरलंय.

आण्णा म्हणजे माझे सासरे. शिरोलीच्या एका फौंड्रीत पस्तीस वर्षं मोल्डर होते. वाळूचे साचे करायचे, मग त्या साच्यांत वितळलेलं लोखंड ओतायचे. यंत्रांच्या आवाजानं कान जरा गेले होते, त्यामुळे ते सगळ्यांशी तीन घरं पलीकडे ऐकू जाईल असं बोलत. साखर संपली तरी गल्लीला कळायचं. सासूबाई गेल्या त्या वर्षी घट कोण बसवणार असा प्रश्न आला. मी मनातल्या मनात पदर खोचला होता, तर आण्णा म्हणाले, "मी बसवतो. मातीचं काम हाय ते, त्यात तू काय करणार?"

मला राग आला होता. पण त्यांना माती चाळताना पाहिलं आणि गप्प बसले. चुलत दिरांच्या शेतातली काळी माती पोत्यातून यायची. ती बारीक चाळणीनं चाळायची, पाण्याचा हबका मारायचा, मग मूठभर घेऊन करकचून दाबायची आणि मूठ उघडायची. "ह्यो बघ. गोळा झाला पायजे. मोडला तर दोन तुकडं पडाय पायजेत. चुरा झाला तर वाळली, बोटाला लागली तर वली." साच्याची वाळू ते पस्तीस वर्षं अशीच पारखत आले होते. देवीचं आणि फौंड्रीचं त्यांच्या हाताला एकच माप. आमचं धान गल्लीत सगळ्यांत उंच यायचं. बायका बघायला यायच्या तेव्हा आण्णा अंगात आल्यासारखे ओरडायचे, "पाणी लई घालताय तुमी! बुडवताय पार त्यास्नी!"

नियम त्यांचे कडक. नऊ दिवस दाढी नाही, पायात चप्पल नाही, कोपऱ्यावरच्या टपरीच्या पुढं पाऊल नाही. समई विझता कामा नये आणि घराला कुलूप लागता कामा नये. देवी बसली असताना तिला आत कोंडून जायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. कुणीतरी माणूस घरात पाहिजेच. पहिल्या माळेच्या दिवशी ते दाराचं कुलूप खिळ्यावरून काढायचे आणि तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचे. डोळ्यांपुढं असलं की हात जातो म्हणायचे. मग त्या नऊ दिवसांत मी भाताला तांदूळ घेताना हमखास माझ्या बोटांना ते थंडगार कुलूप लागायचं. आज दुपारीही लागलं, कारण आण्णा जाऊन दोन वर्षं झाली तरी आता मीसुद्धा ते तिथंच ठेवते.

गगनबावड्याला माझं माहेर. तिथं दसऱ्यापर्यंत पाऊस हलत नाही, चुलीतलं लाकूड सुकत नाही, भिंतींना हात लावला तर ओल येते. लग्नानंतरचा पहिला पावसाळा माहेरी काढून मी इथं नांदायला आले ती अश्विनातच. पहिल्या आठवड्यात वाटलं, या गावाला माझा कसला राग आलाय? एवढं ऊन कशाला? निघायच्या दिवशी माझी आई एसटीच्या थांब्यावर आली नव्हती. दूध चुलीवर होतं, उतू जाईल म्हणाली. थांबा आमच्या दारातून दिसायचा, पन्नास पावलांवर. मी गाडीत चढेपर्यंत दाराकडे बघत होते. दूध उतरवायला किती वेळ लागतो, हे मलाही ठाऊक होतं.

तेजू लहान असताना आण्णा तिला खंडेनवमीला फौंड्रीत न्यायचे. तेव्हा सासूबाई घरात असायच्या, त्यामुळे त्यांना मोकळीक होती. त्या दिवशी भट्टीला हार, यंत्रांना हळदकुंकू, कामगारांच्या घरच्यांना लाडू. सात वर्षांची तेजू परत आली ती कपाळभर गुलाल आणि हातात वाळूचा एक गोळा घेऊन. गोळा घरी येईपर्यंत फुटला, म्हणून रडली. मोठी झाल्यावर तिनं इंजिनिअरिंग केलं तेही धातूंचं. वर्गात मुली फक्त दोन. आण्णा गल्लीभर सांगत सुटले, "आमची नात लोखंडाची डॉक्टर होणार हाय." त्यांच्या डोक्यात पुढचं सगळं ठरलेलं होतं. शिरोली, तीच फौंड्री, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं.

आणि इथं माझी चूक झाली. सात वर्षं झाली तरी ती मला उन्हासारखी टोचते.

गणपतीत तेजूला बंगळूरच्या कंपनीचं पत्र आलं. तिनं ते मला दाखवलं, आम्ही दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना धरून उड्या मारल्या, आणि मग मीच तिला म्हणाले, "आण्णांना आत्ताच नको सांगू. गौरी-गणपती होऊ देत, सणात घरात फुगलेली तोंडं नकोत." तिला सांगायचं होतं. मी थांबवलं. विजयलाही मी पत्ता लागू दिला नाही. शांतता राखायची म्हणून जी बाई घरातल्या गोष्टी पुढं ढकलते ना, ती मी.

गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी आण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली, "जरा जाऊन येतो" म्हणाले आणि शिरोलीला गेले. ज्या माणसानं पस्तीस वर्षांत पगारवाढ सोडाच, एक जादा सुट्टीसुद्धा मागितली नव्हती, तो मालकांपुढं नातीसाठी हात जोडून उभा राहिला. मालकांनी मान ठेवला. "पाठवा की आण्णा, आपलीच पोरगी," म्हणाले. आण्णा पेढे घेऊन आले. दारातूनच ओरडले, "तेजे, एक तारखेपास्नं कामावर जायाचं!"

तेजू माझ्याकडे बघायला लागली. मी पातेल्याकडे.

मग सांगावंच लागलं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला, "पत्र कवा आलंय?" तिनं खरी तारीख सांगितली. आण्णांनी पेढ्यांचा पुडा देव्हाऱ्यासमोर ठेवला, आत जाऊन सदरा काढला आणि घडी घालून कपाटात ठेवला. त्या क्षणापासून ते तिच्याशी बोलेनासे झाले. माझ्याशी बोलत होते, विजयशी बोलत होते, टीव्हीशीही बोलत होते. तिच्याशी नाही. मी लपवायला सांगितलं होतं, हे तेजूनं त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि तेव्हा मीही नाही.

पितृपंधरवडा संपत आला की आमच्याकडे घरातली यच्चयावत अंथरुणं-पांघरुणं धुवून काढायची असतात. घट बसायच्या आत घरात मळकं काही राहता कामा नये. त्या दिवसांत पंचगंगेच्या घाटावर बघावं, अख्खं कोल्हापूर आपलं अंथरूण घेऊन आलेलं असतं. पायऱ्यांवर वाकळा, चादरी, सोलापुरी, सतरंज्या, आणि धोपटण्यांचा असा आवाज की शेजारणीशी बोलायला आण्णांचा घसा लागावा. त्या वर्षीही आम्ही चौघं गेलो. विजय आणि मी चादरी घेऊन एका पायरीवर, आणि दुसऱ्या पायरीवर घरातली सगळ्यांत जड वाकळ, सासूबाईंनी त्यांच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली.

भिजलेली वाकळ एकट्यानं पिळता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची आणि उलट्या बाजूंना पीळ द्यायचा. आण्णांनी एक टोक उचललं आणि उभे राहिले. हाक मारली नाही. इकडेतिकडे बघत राहिले, जणू काही घाटावर वाकळ पिळायला माणसं भाड्यानं मिळतात. तेजू पाण्यातून वर आली आणि तिनं दुसरं टोक धरलं. दोघं पीळ द्यायला लागली. ती डावीकडे, ते उजवीकडे. पाणी धो धो पायरीवर पडत होतं. पीळ घट्ट झाला तशी दोघं एकमेकांकडे ओढली जायला लागली, कारण वाकळ आखडत जाते. शेवटी दोघांच्या मुठींमध्ये हातभर अंतर राहिलं. मला वाटलं, आता बोलतील. आण्णांनी आपलं टोक तिच्या हातात दिलं आणि ते पुढची चादर आणायला गेले.

खरं सांगायचं तर त्यांचा तो राग मला आतून बरा वाटत होता. कारण तो माझाही होता. मी तेजूला "जा गं, खुशाल जा" म्हणत होते, तिच्या बॅगा भरत होते, चटण्या कुटत होते. पण आत कुठंतरी ‘आम्हाला टाकून चाललीस ना’ असं चाललेलंच होतं. ते आण्णा माझ्या वाटचं धरून बसले होते, म्हणून मला चांगली आई होता आलं. आज ते नाहीत तर सगळा राग माझ्याच अंगावर आलाय आणि मला तो पेलत नाही.

तिच्या निघण्याचा दिवस नेमका सहावी माळ. कुणीतरी घरात थांबायलाच हवं होतं. कुणी विचारायच्या आतच आण्णा म्हणाले, "तुमी जावा सगळी. मी हाय की घरात." सगळ्यांना कळलं होतं. घटाच्या आड बसलेल्या माणसाला कोण काय बोलणार? दुपारी चारला तेजू त्यांच्या पाया पडायला देवघरात गेली. आमच्याकडच्या मुली ‘येते’ म्हणत नाहीत, तीही म्हणाली नाही. "येतो आण्णा," म्हणाली. आण्णांनी समईची वात पुढं सारली. मग तेल घातलं. मग पुन्हा वात सारली. एवढी काळजी त्या वातीची त्यांनी आधी कधी घेतली नव्हती. ती वाकलेलीच होती. शेवटी उठली, डोळे पुसले आणि बाहेर आली.

रिक्षात ती एकदाच बोलली. "आई, मी चुकलो का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. ‘मी चुकले’ असं म्हणायला हवं होतं.

स्टँडवर तेव्हा उन्हाची तिरीप सरळ फलाटावर येत होती. उकडलेल्या शेंगा विकणारी बाई, ऊसाच्या रसाचा गाडा, हुपरीच्या गाडीत चढायची झोंबाझोंबी. बंगळूरची गाडी लागली. विजयनं बॅगा डिकीत टाकल्या. तेजू खिडकीत बसली आणि आम्ही खाली उभे राहिलो. अशा वेळी बोलायला काहीच नसतं, म्हणून मी तिला सतरांदा पाण्याच्या बाटलीचं विचारत होते.

तेवढ्यात पलीकडच्या फलाटाला गगनबावड्याहून आमच्या फुलेवाडीवरून येणारी एसटी लागली आणि तिच्यातून आण्णा उतरले.

आधी मला वाटलं, तसाच दिसणारा दुसरा कुणीतरी. कारण आण्णा सहाव्या माळेला टपरीच्या पुढं जात नाहीत. पण टोपी वाकडी, सहा दिवसांची पांढरी दाढी आणि पाय अनवाणी. तापलेल्या डांबरावरून ते एक पाय उचलत, एक टेकवत लगबगीनं येत होते. तेजू ओरडली, "आण्णा!" आणि गाडीतून उडी मारल्यासारखी खाली आली.

विजय घाबरला. "आण्णा, घरात कोण हाय?"

"कोण न्हाई."

"आणि कुलूप?"

"कुलूप लावायचं नस्तंय, मला ठावं हाय की," आण्णा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. निम्मा स्टँड वळून बघायला लागला. "लावलं न्हाई. दार सताड उघडं टाकून आलोय. देवी हाय की बसल्याली, बघंल तिचं ती."

मग ते तेजूकडे वळले. तीन आठवड्यांनी. मला वाटलं, आता काय बोलतात कोण जाणे.

"कवा पोचतीस?"

"सकाळी सातला."

"पोचल्यावर फोन कर. आईला नगं. मला कर."

"व्हय."

"आणि ह्ये बघ. भट्टीपाशी जाताना सुती कापडं घालायची. नायलॉनचं काय बी घालायचं न्हाई, ठिणगी उडाली की कातड्याला चिकटतंय. आणि बूट. बुटाबिगार वाळूत पाय ठेवायचा न्हाई. कळलं?" हे सगळं ते एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून, चटका चुकवत सांगत होते.

तेजूनं मान हलवली. आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच जोरात पडला, आणि म्हणाले, "जा आता. गाडी तुझ्यासाठी थांबायची न्हाई." गाडी हलली तरी ते तिथंच उभे. मी त्यांना सावलीत ओढलं तेव्हा दिसलं, दोन्ही टाचांना फोड आले होते.

त्या फलाटावरच मी त्यांना सांगून टाकलं. पत्राचं. लपवायला मीच सांगितलं होतं म्हणून. आण्णांनी ऐकलं की नाही मला कळेना, कारण त्यांनी आपला ऐकू न येणारा कान माझ्याकडे केला होता. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाले, "मला वाटलंच हुतं. पोरगी लबाड न्हाई आमची."

"आणि मी?"

"तू बी न्हाईस. भित्री हाईस."

घरी पोचलो. दार सताड उघडं. आत सगळं जागच्या जागी, टीव्ही होता, कपाट होतं, समई तेवत होती. आणि देवघरात शेजारच्या आक्कांची शेळी उभी होती. तिनं पाचही दिवसांच्या माळा खाल्ल्या होत्या. सहावी तिच्या तोंडात होती. घटाभोवतालचं धान निम्म्याहून अधिक तिनं मातीलगत साफ केलं होतं. मुलगी प्रवासात आणि घरातला घट खाल्लेला! मी रडायलाच लागले. विजय शेळीला ओढायला गेला तर ती त्याच्यावरच चालून आली. आवाजानं आक्का धावत आल्या, शेळीला बघून कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "अवं आण्णा, दार उघडं टाकून कोण जातंय का गा?"

आण्णा खाली बसले. जिथलं धान गेलं होतं तिथल्या मातीत बोट घातलं, चिमूटभर माती वर काढली, दाबली, बघितली. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "मुळं हायती की. ईल परत. रडाय काय झालं?"

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. तोवर मला चैन नव्हतं. आण्णांनी सुरुवात केली ती "पोचलीस न्हवं? शेळीनं घट खाल्ला" अशी. पलीकडून तेजू इतकी हसत होती की मला इथं उभी असून ऐकू येत होतं. दसऱ्याच्या दिवशी घट उठवला. बाकीचं धान वितभर होतं आणि शेळीनं खाल्लेल्या बाजूचं दोन बोटं. आण्णांनी शिलंगणाला जाताना टोपीत खोवायला नेमकं ते बुटकंच घेतलं. गल्लीत कुणी कुणी हसले.

हे सगळं आठवतंय आणि घड्याळात पावणेपाच वाजलेत. ऊन उतरायला लागलंय. मागच्या अंगणात जरा गार वारा आला आणि लगेच बंद झाला. विजयला फोन केला, तो म्हणाला, आठशिवाय सुटका नाही. तेजू एकोणतीस वर्षांची आहे. रिक्षा करून येईल. तिला कुणी न्यायला जायची काही गरज नाही. परदेशी एकटी जाणारी मुलगी स्टँडवरून फुलेवाडीला येऊ शकत नाही का? मी समईत तेल घातलं. वात पुढं सारली. मग पुन्हा सारली. आणि माझ्याच हाताकडे बघत बसले.

तीन वर्षं म्हणजे तीन अश्विन. ती नसताना मला हे ऊन तीनदा काढायचंय. मला ते नकोय. ती जावी असंही वाटतं आणि जाऊ नये असंही वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटतं. ते तिला सांगायला काय हरकत आहे? तोंडानं सांगता आलं नाही तर निदान फलाटावर उभं राहता येईल.

तांदळाचा डबा उघडला. कुलूप हाताला लागलं. बाहेर काढलं, पुसलं, थोडा वेळ तळहातावर धरलं. पुन्हा तांदळात खुपसलं आणि झाकण लावलं. पर्स घेतली. नऊ दिवस चप्पल मीही घालत नाही, तशीच अनवाणी पायरी उतरले आणि उंबऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची वाट चटके खात गेले. मागं वळून बघितलं. दार सताड उघडं, आत समईचा ठिपका दिसतोय. गगनबावड्याकडून स्टँडला जाणारी एसटी येताना दिसली आणि मी हात केला. त्याच वेळी आक्कांच्या अंगणात नजर गेली. त्या जुन्या शेळीची नात असावी, तशीच चोरटी मान, तसंच दाव्याकडे दुर्लक्ष, आणि डोळे आमच्या दाराकडे.

"आक्का!" मी ओरडले, आणि माझा आवाज तीन घरं पलीकडे गेला. "स्टँडवर चाललोय, तेजू येतीया! शेळी तेवढी बांधा ओ!"